फादरांच्या सहीवाचून चालणारी मदत : सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी

‘चर्चमधून काही मदत मिळेल का?’ असं कोणी विचारलं की आपण सरळ फादरांच्या ऑफिसकडे बोट दाखवतो. आजारपणाचा खर्च, शाळेची थकलेली फी, तुंबलेलं घरभाडं अशा कामांसाठी ते दार बहुतेक वेळा चुकीचं असतं. फादर शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी एक फोन नंबर देतात. तो नंबर सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या स्थानिक अध्यक्षाचा असतो. मुंबई, वसई, गोवा या पट्ट्यात या सोसायटीच्या शाखा धर्मग्रामागणिक (धर्मग्राम म्हणजे पॅरिश, एका चर्चचा परिसर) सापडतात. शाखेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात आणि ती चालवतात प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले साधे श्रद्धावंत : निवृत्त मास्तर, बँकेतले कारकून, गृहिणी, क्वचित एखादा रिक्षावाला.

आधी निकाल सांगून टाकतो. घरी येऊन विचारपूस करणं आणि छोटी मदत वेळेवर पोचवणं, यात धर्मग्रामाच्या पातळीवर हिच्या तोडीचं दुसरं काही नाही. मोठं ऑपरेशन, कायमचा आधार किंवा नोकरी हवी असेल तर एकट्या हिच्यावर विसंबू नये. आणि चांगली कॉन्फरन्स व मरगळलेली कॉन्फरन्स यांतला फरक इतका मोठा असतो की सोसायटीला सरसकट गुण देणं अवघड जातं. तो फरक कशामुळे पडतो ते सांगण्यातच या लेखाची बरीचशी जागा जाणार आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. 23 एप्रिल 1833 रोजी पॅरिसमध्ये सात माणसं एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जमली. संपादक एमान्युएल बायी सोडले तर सगळे विद्यार्थी. त्यांतला फ्रेडरिक ओझानाम त्याच दिवशी वीस वर्षांचा झाला होता. वादसभेत विरोधकांनी त्यांना डिवचलं होतं : तुमच्या धर्माच्या जुन्या गोष्टी पुरे, आज गरिबांसाठी काय करता ते दाखवा. पॅरिसच्या मुफ्तार भागात काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांनी या पोरांना घरं दाखवली आणि गरिबाच्या घरात कसं बसायचं, कसं बोलायचं ते शिकवलं. सातांपैकी एकही धर्मगुरू नव्हता. ओझानाम पुढे सोरबोन विद्यापीठात प्राध्यापक झाला, लग्न केलं, एका मुलीचा बाप झाला आणि 1853 मध्ये चाळिसाव्या वर्षी गेला. 22 ऑगस्ट 1997 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. स्त्रियांना मात्र सुरुवातीला दार बंदच होतं. 1856 मध्ये इटलीत बोलोन्याला त्यांनी वेगळी संस्था काढली आणि दोन्ही एकत्र यायला 1967 उजाडलं. प्रापंचिकांच्या हक्काच्या गप्पा मारताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

‘फादरांना न विचारता हे सगळं चालतं कसं?’ ही शंका सर्रास ऐकू येते, आणि ती विचारणारे खुद्द सभासदही असतात. कॅथोलिक धर्मसभेच्या 1983 च्या कायदेसंहितेतलं 215 वं कलम श्रद्धावंतांना धर्मादाय कामासाठी संघटना काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेच्या) प्रापंचिकांविषयीच्या फर्मानात (18 नोव्हेंबर 1965) हेच आधी येऊन गेलं आहे. बिशपांची देखरेख राहते. संघटनेच्या श्रद्धेत किंवा व्यवहारात काळंबेरं दिसलं तर ते हस्तक्षेप करू शकतात. पण अमुक घराला दोन हजार द्यायचे की तीन, हा निर्णय कॉन्फरन्सचा. फादर सभेला आध्यात्मिक सल्लागार म्हणून बसतात, त्यांना मत नसतं. सल्लागार धर्मगुरूच असला पाहिजे असंही नाही. सिस्टर किंवा एखादा जाणता प्रापंचिकही चालतो. कागदावर हे असं स्वच्छ आहे. व्यवहारात हॉलची किल्ली फादरांकडे असते, मिस्सेनंतरच्या (चर्चमधल्या उपासनेनंतरच्या) घोषणा त्यांच्या हातात असतात आणि गरिबांसाठीची पेटी चर्चच्या दारात असते. त्यामुळे कचखाऊ अध्यक्ष प्रत्येक नाव आधी फादरांना दाखवून येतो. हळूहळू फादर नावं सुचवू लागतात आणि वर्षभरात कॉन्फरन्स ही पॅरिश ऑफिसची वाटप खिडकी होऊन बसते. यात फादरांचा दोष थोडाच असतो. प्रापंचिकांना मिळालेला अधिकार वापरायचा कंटाळा येतो, हे खरं दुखणं आहे.

आता सभा. आठवड्याला एकदा, निदान पंधरवड्याला एकदा ती व्हायलाच हवी. महिन्याला एकदा भरणारी कॉन्फरन्स दिसली की समजावं, घरभेटी थंडावल्या आहेत. दहा-बारा माणसं, साधारण तासभर. प्रार्थना, एक छोटं वाचन, मागचं इतिवृत्त, खजिनदाराचा हिशेब, मग भेटींचे अहवाल. इथे खरी सभा सुरू होते. जोडी सांगते : आजी झोपून आहेत, सून सकाळी सहाला कामाला जाते, दुपारचं औषध द्यायला घरी कोणी नाही. मग पैशांऐवजी दुपारी दोनला शेजारच्या बाईंनी डोकावायचं ठरतं. चांगल्या कॉन्फरन्समध्ये निम्मे निर्णय असे बिनपैशांचे असतात. निर्णय एकमताने घ्यायचा, मतदानावर क्वचितच जायचं. हात वर करून एखाद्याच्या भाकरीचा फैसला करणं बरं दिसत नाही, आणि हरलेली बाजू पुढच्या भेटीला मनापासून जात नाही.

सभेच्या शेवटाकडे कापडी पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ बंद ठेवून आत घालायची आणि रिकामी बाहेर काढायची. कोणी किती टाकले, काही टाकले की नाही, कोणालाच कळत नाही. बँकेचा मॅनेजर आणि रोजंदारीवरचा गवंडी, दोघांची मूठ सारखीच दिसते. गरीब माणूस या टेबलावर सभासद म्हणून बसू शकतो तो या पिशवीमुळे. काही ठिकाणी हल्ली ‘सोय’ म्हणून महिन्याची वर्गणी यूपीआयने घेतात आणि व्हॉट्सअॅप गटावर स्क्रीनशॉट मागतात. हिशेब सोपा होतो, हे खरं. पण स्क्रीनशॉट टाकायची लाज वाटणारा माणूस दोन महिन्यांत यायचा बंद होतो, आणि नेमका तोच वस्तीतली घरं ओळखत असतो. यूपीआय घ्यायचंच तर एकट्या खजिनदाराच्या नंबरावर घ्या आणि गटावर फक्त एकूण आकडा टाका. पिशवीतले पैसे मात्र सभेतच, सगळ्यांसमोर मोजून वहीत चढले पाहिजेत. ‘घरी जाऊन मोजतो’ हे कधीही चालू देऊ नये.

पैशाचं गणित इथेच मांडू, कारण बहुतेक कॉन्फरन्स अडतात त्या या ठिकाणी. समजा बारा सभासद आहेत आणि प्रत्येकजण आठवड्याला सरासरी 100 रुपये टाकतो. आठवड्याचे 1,200, वर्षाचे 62,400. पाच ‘दत्तक’ कुटुंबांना महिना 1,000 रुपये कबूल केले की वर्षाचे 60,000 तिथेच संपले. उरले 2,400. ऑक्टोबरमध्ये कोणाचा पाय मोडला की खजिनदार हात वर करतो. पेटीतले आणि देणगीचे पैसे येतात, पण ते सणासुदीला येतात आणि संकट तारीख पाहून येत नाही. यावर उपाय दोन. दत्तक कुटुंबांवरचा खर्च खात्रीच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ द्यायचा नाही. आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक कुटुंबाचा फेरविचार करायचा, तोही नवी जोडी पाठवून. जुन्या जोडीची माया जडलेली असते. मुलगा कामाला लागून वर्ष झालं तरी ते पाकीट चालूच राहतं.

याच्या उलट टोकाचा रोगही आहे : बँकेत मुदत ठेव. ‘अडीअडचणीला असावेत’ म्हणून जमवलेले पैसे पडून राहतात आणि वार्षिक अहवालात शिल्लक अभिमानाने वाचली जाते. सोसायटीचा नियम याबाबत रोखठोक आहे : पैसा गरिबांचा, तो साठवायचा नाही. तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी ठेवली तर समजू शकतो. त्यापुढची शिल्लक म्हणजे न केलेल्या घरभेटी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरभेट हा या सेवेचा प्राण. जोडीनेच जायचं. पैशांना साक्षीदार असतो, एकटीदुकटी बाई असलेल्या घरात बोलणी लागत नाहीत, आणि एकजण बोलत असताना दुसऱ्याला पाहता येतं. घर अस्वच्छ आहे का, टीव्ही मोठा आहे का, हे पाहायला कोणी जात नाही. पाहायच्या असतात गोळ्यांच्या पट्ट्या. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या वीस गोळ्या वीस दिवसांपूर्वी आणलेल्या असतील, गोळी रोज एक असेल आणि तरीही पट्टीत दहाएक गोळ्या शिल्लक असतील, तर ते माणूस एक दिवसाआड गोळी घेतंय. तोंडाने ते कधीच सांगणार नाही. वीजबिलावर ‘थकबाकी’चा रकाना असतो, रेशनकार्डाचा रंग दिसतो, सिलिंडर शेवटचा कधी भरला ते गॅसच्या पुस्तकावरून कळतं. वही-पेन काढून समोर लिहीत बसू नका; गल्लीच्या टोकाशी येऊन लिहा. अर्धा-पाऊण तास पुरे. मिस्सेला येता का, मुलीने लग्न कोणाशी केलं, हे प्रश्न अजिबात नकोत. ते विचारणारे सभासद असतात, आणि त्यांच्यामुळे गरजू माणूस दार उघडायचा बंद होतो. मदत जात-धर्म न पाहता द्यायची हा नियमच आहे. बिगरख्रिस्ती घरात मदतीच्या पाकिटाबरोबर धार्मिक पत्रक किंवा प्रार्थनेचा आग्रह ठेवणं चूक आहे, आणि आजच्या दिवसांत त्या घरालाही गोत्यात आणणारं आहे.

काय द्यावं? वर्षानुवर्षं पाच किलो तांदूळ, दोन किलो गहू, साखर, चहापूड अशी ठरलेली पिशवी चालत आली आहे. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य फुकट मिळतं. तरीही आपण वर तांदूळच देतो. त्या घराला कमी पडतात तेल, डाळ, अंडी आणि गॅसचा रिफिल. वसई-गोव्याच्या भातखाऊ घरात गहू दिले तर ते दळायचे पैसेही नसतात, मग ते शेजारी विकले जातात आणि सभेत कोणीतरी म्हणतं, ‘बघा, यांना गरजच नाही.’ औषधाचं बिल मेडिकलवाल्याकडे, फी शाळेच्या नावाने चेकने, हॉस्पिटलचे पैसे हॉस्पिटलच्या खात्यात, ही शिस्त घरात दारू असेल तिथे फार उपयोगी पडते. पण ती सगळ्यांना सरसकट लावू नये. शहाण्या बाईच्या हातात पाचशेची नोट दिली तर ती आपल्यापेक्षा चांगली वापरते.

सर्वांत कमी वापरली जाणारी आणि सर्वांत मोलाची सेवा म्हणजे सरकारी कागदपत्रं. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना निदान 1,500 रुपये मिळतात, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या कॉन्फरन्सच्या दत्तक मदतीपेक्षा जास्त, आणि दरमहा. अडतं ते तहसीलदारांच्या उत्पन्न दाखल्यावर. वार्षिक 21,000 रुपयांची मर्यादा इतकी खाली आहे की दाखला काढताना माणूस हेलपाटे घालून थकतो. तिथे सोबत जाणारा सभासद हवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तर चूक एकच, पण महागडी होते : पेशंटला जवळच्या खासगी दवाखान्यात नेतात, बिल भरतात आणि मग योजनेचं विचारतात. भरलेल्या बिलाचे पैसे ही योजना परत देत नाही. योजनेतल्या हॉस्पिटलमध्येच जायचं आणि दाखल होतानाच आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलमधल्या योजनेच्या प्रतिनिधीकडे) रेशनकार्ड, आधार दाखवून नोंद करायची. धर्मादाय हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दराने राखीव असतात. त्यासाठी हॉस्पिटलमधल्या समाजसेवकाला गाठावं लागतं, आणि तेही डिस्चार्जच्या आदल्या रात्री नव्हे. ज्या कॉन्फरन्समध्ये एकाला तरी ही तिन्ही कामं पाठ आहेत, ती पिशव्या वाटणाऱ्या दहांना भारी.

इथे एक अडचणीची गोष्ट आहे. 1965 च्या त्या फर्मानातच म्हटलंय की जे न्यायाने देणं लागतं ते दान म्हणून पुढे करू नये. घरकाम करणाऱ्या बाईला पगार वेळेवर न देता नाताळात तिच्याच घरी सोसायटीची हॅम्पर (भेटवस्तूंची टोपली) नेणारे लोक आहेत. सोसायटीची रचना यावर काही करत नाही; ती व्यक्तीला मदत करते, मजुरीच्या प्रश्नाला हात घालत नाही. ही मर्यादा ओळखूनच तिच्याकडे जावं.

नाताळच्या हॅम्परबद्दल मात्र तक्रार आहे. कार्यक्रम, रांग, फोटो, आणि संध्याकाळी तेच फोटो गटावर. गुप्तता पाळण्याचा नियम पाठ असलेली माणसं हे करतात. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर आकडे द्या, बिलांच्या नावं झाकलेल्या प्रती द्या. चेहरा देऊ नका.

परदेशातल्या कॉन्फरन्सशी ‘जुळं’ जोडून मदत मिळवण्याची पद्धत जुनी आहे, पण तिच्या भरवशावर नवं काही आखू नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि एका संस्थेने घेऊन दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं आहे. स्वतःची नोंदणी नसलेल्या कॉन्फरन्सने नातलगाच्या खात्यावरून पाउंड-डॉलर मागवणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

वयाचा प्रश्न उघड आहे : सभासद साठीपुढचे. तरुण येत नाहीत, कारण संध्याकाळी साडेसहाची सभा नोकरदाराला जमत नाही आणि अध्यक्ष त्याच खुर्चीत वर्षानुवर्षं दिसतो. पदाला मुदत असते, ती पाळली जात नाही. सभा रविवारी पहिल्या मिस्सेनंतर ठेवली, इतिवृत्त मराठीत लिहिलं आणि नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात खजिन्याची वही पाहायला दिली, की फरक दिसतो. ही वही दाखवायला का-कू करणाऱ्या कॉन्फरन्सला देणगी देऊ नये. देणगीवर आयकर सवलत हवी असेल तर पैसे द्यायच्या आधी 80जी क्रमांक असलेली पावती मिळेल का, ते विचारून घ्या. ती प्रत्येक शाखेकडे असतेच असं नाही.

मदत मागायला जाणाऱ्यांसाठी : पॅरिश ऑफिसमध्ये चिठ्ठी ठेवण्यापेक्षा आपल्या वाडीतल्या सभासदाला गाठा. रेशनकार्ड, डॉक्टरांचा कागद, फीची नोटीस, यांच्या झेरॉक्स तयार ठेवा. भेट आठवडाभरात आणि निर्णय त्यापुढच्या सभेत, हा ठीकठाक वेग. तीन आठवडे कोणी फिरकलंच नाही तर अध्यक्षाला थेट फोन करा, संकोच नको. तातडीच्या वेळी अध्यक्ष आणि खजिनदार मिळून सभेआधीही छोटी रक्कम देऊ शकतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि शाळेच्या फीसाठी जूनची वाट पाहू नका. जूनच्या पहिल्या सभेत सगळेच फीच्या नोटिसा घेऊन येतात आणि खजिन्यात तेवढे पैसे नसतात. एप्रिलमध्ये निकाल लागताच अर्ज दिलात तर खजिनदाराला पैसे उभे करायला दोन महिने मिळतात.